वाटेत जेवायचं कुठं?

1977 ते 2013 अशी छत्तीस वर्षे मी एस.टी.त कंडक्टर होतो. आता कोणाच्या घरी लग्नाला गेलो, की लोक मला हमखास दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "अमक्या गावाला गाडी कितीला आहे?" आणि दुसरा, "वाटेत जेवायला बरं कुठं मिळतं?" पहिल्याचं उत्तर आता मला येत नाही, वेळापत्रकं बदलली. दुसऱ्याचं येतं. मराठवाड्यातली आणि मराठवाड्याला लागून असलेल्या वऱ्हाड-खानदेशातली बरीचशी हॉटेलं, खानावळी आणि धाबे मी पोटाने ओळखतो.

पण मागच्या उन्हाळ्यात हाच प्रश्न माझ्या नातीने विचारला आणि मी अडखळलो. त्याचीच ही हकीकत आहे. आधी मात्र वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल ते सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी जिथे जेवायला थांबते ती जागा तुमच्यासाठी निवडलेली असते, असं समजू नका. बाहेरच्या खासगी हॉटेलवर गाडी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरपुढे फुकट ताट येतं, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. मीही ते ताट जेवलो आहे. ते फुकट नसतं, पन्नास प्रवाशांच्या चहा-वड्यात त्याचे पैसे वळते केलेले असतात. म्हणून अशा ठिकाणी चहा घ्या, पाय मोकळे करा आणि जेवण तालुक्याच्या गावाला करा.

दुसरी गोष्ट, तालुक्याच्या गावात उतरलात तर स्टँडसमोरच्या झगमगीत पाटीकडे पाहू नका. कोर्ट, तहसील कचेरी किंवा सरकारी दवाखाना कुठे आहे ते विचारा. तिथल्या खानावळीत रोजचं गिऱ्हाईक असतं. तारखेला आलेला शेतकरी, रोग्याजवळ बसलेली बाई, कचेरीतला शिपाई. रोजच्या गिऱ्हाईकाला फसवून खानावळ चालत नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, एखादी उसळ, कांदा आणि ठेचा, एवढं नीट मिळालं तर आणखी काय हवं? येसराची आमटी कुठे दिसली तर सोडू नका, ती आपल्या मराठवाड्याची खरी चव आहे. भाव मात्र बसायच्या आधी विचारावा. त्यात लाज कसली?

तिसरी गोष्ट, आठवडी बाजाराचा दिवस असेल तर भजी-जिलेबी बाजारातच खावी. त्या दिवशी कढई उतरत नाही, माल शिळा राहत नाही. एरवी काचेच्या कपाटातल्या वड्याला विचारावं, बाबा, तू कालचा की परवाचा?

मोसमाचं फळ तर सगळ्यात चांगलं. जालन्याची मोसंबी, अर्धापूरची केळी, दौलताबादच्या वाटेवरचे पेरू आणि सीताफळं. अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे गेलात तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. शेवभाजी मागितलीत तर पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना वऱ्हाडात सकाळी तर्री-पोहे मिळतात. नांदेडला मुक्काम पडला आणि खिशात पैसे कमी असतील तर बिनदिक्कत गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जा. डोकं रुमालाने झाका, हात-पाय धुवा आणि पंगतीत बसा. तिथे कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. समोरून रोटी येते, ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची. मी कितीतरी वेळा तिथे जेवलो आहे आणि दर वेळी ताटावरून उठताना छाती भरून आली आहे. ते का, ते पुढे सांगतो.

आमच्या घरच्या मंडळींचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "तुम्हा पुरुषांना भाजी कशी आहे ते दिसतं. बाईला आधी संडास कुठं आहे ते बघावं लागतं." हे मला नोकरीत असेपर्यंत सुचलं नव्हतं. माझ्या गाडीतल्या बाया सकाळपासून पाणी पीत नसत. कारण वाटेत सोय नसे. मी समजायचो, यांना तहान कमी लागते! तेव्हा बायका-मुली बरोबर असतील तर जिथे पाणी आहे, दार लागेल असा संडास आहे, तिथेच थांबावं. भाजी दोन नंबरची असली तरी चालेल. आणि घरून निघताना दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घ्यावी. दुधात मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते.

एवढं सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी अडखळलो.

झालं असं, की माझ्या नातीला आरोग्यसेविकेची नोकरी लागली. हिंगोली जिल्ह्यातल्या एका आडगावाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली. तिला पोहोचवायला मी आणि तिची आजी निघालो. 2023 पासून बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं आहे आणि मी म्हातारा, म्हणून तिघेही अर्ध्या तिकिटावर. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, आता स्वतःचं अर्धं तिकीट घेऊन खिडकीत बसलो. जालना मागे पडलं, मंठा गेलं, जिंतूर आलं. नात म्हणाली, "आजोबा, तिथं मला खोली मिळेल, पण गॅस लगेच मिळायचा नाही. पहिले पंधरा दिवस मी जेवायचं कुठं? आणि दिवसभर वाड्या-वस्त्यांवर फिरायचं, तिथं काय करायचं?"

मी म्हणालो, "खानावळ बघू. चांगली बाई बघून डबा लावू. आणि हे बघ, कोणी आडनाव विचारलं तर सांगायचं नाही. नुसतं नाव सांगायचं. गाव विचारलं तर संभाजीनगर म्हणायचं, मोठ्या शहरात कोण कुठला ते कळत नाही."

नात हसली. म्हणाली, "आजोबा, माझ्या ड्रेसवर नावाची पट्टी असते. पूर्ण नाव. आडनावासकट."

मी गप्प झालो. खिडकीबाहेर पाहत राहिलो. आजी माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं, मला काय आठवलं ते.

1978 साल. त्या वर्षी 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नोकरीत नवा. पावसाळा सरला आणि मला एका मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात जाऊन झोपायची आणि पहाटे पहिल्या कोंबड्याला परत निघायची. गावात हॉटेल नव्हतं. त्या गावाची रीत अशी, की ड्रायव्हर आणि 'मास्तर' यांचं रात्रीचं जेवण गावातल्या एका मोठ्या वाड्यावर. गाडी गावात येते हा गावाचा मान, म्हणून गाडीवाल्यांना भाकरी.

पहिल्या रात्री मी ड्रायव्हरबरोबर गेलो. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणत असे. ओसरीवर बसलो. घरधन्याने विचारलं, "मास्तर नवे दिसता. कुठले? आडनाव काय?"

मी सांगितलं. बाबासाहेबांच्या विचाराने चालणारा माणूस, का म्हणून लपवू? सांगितलं आणि ओसरीवरचं बोलणं थांबलं. कोणी शिवी दिली नाही. कोणी उठ म्हणालं नाही. आतून दोन ताटं आली. एक दादांपुढे ओसरीवर ठेवलं. दुसरं अंगणात, तुळशीच्या पलीकडे ठेवलं. पाणी वरून ओतलं. मी सकाळपासून उपाशी होतो. मी खाली उतरलो आणि जेवलो. जेवण झाल्यावर दादांचं ताट घरातल्या बाईने उचललं. मला घरधनी अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मास्तर, ताट तेवढं विसळून भिंतीला उपडं ठेवा."

मी ते विसळलं.

आजपर्यंत हे मी सभेत सांगितलं नाही, लेकराला सांगितलं नाही. फक्त बायकोला ठाऊक होतं. माझा बाप गावच्या हॉटेलाबाहेर टांगलेल्या फुटक्या कपात चहा घेत असे आणि तो कप धुऊन पुन्हा खुंटीला अडकवत असे. पण तो अक्षरशत्रू होता, गावचा बांधील होता. मी सरकारी खाकीत होतो. माझ्या खांद्याला पैशाची पिशवी होती, छातीवर बिल्ला होता. संविधानाचं पंधरावं कलम मला पाठ होतं. दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहीर, तलाव यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. 1955 सालचा अस्पृश्यतेचा कायदा होता, त्याला 1976 साली नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिलं, तेही मला ठाऊक होतं. पण तो वाडा म्हणजे हॉटेल नव्हतं आणि पोटात भूक होती. कायदा हॉटेलचं दार उघडतो. घराच्या अंगणात आणि ओसरीत जे अंतर असतं ते कोण मोजणार?

त्यानंतरच्या मुक्कामाला मी पोट दुखतंय म्हणालो आणि गाडीत फुटाणे खाऊन झोपलो. त्याच्या पुढच्या मुक्कामाला भूक आवरेना. गावाच्या खालच्या अंगाला निळा झेंडा दिसत होता, तिकडे गेलो. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी बसली होती. म्हणालो, "जयभीम माय. मी गाडीचा मास्तर. भाकर मिळंल का? पैसे देतो."

ती म्हणाली, "पैशाचं नाव काढशील तर भाकर मिळायची न्हाई. बस."

कंदील पुढे आणला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. मी खाली मान घालून जेवत होतो. ती म्हणाली, "ही गाडी रोज रातच्याला येती. आजवर एक मास्तर इकडं आला न्हाई. आपलं बी कोणी येऊन गेलं आसंल की मागं. तू तरी पहिल्या दिशी का न्हाई आलास?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं होतं, की वाड्यावरचं बोलावणं मला मोठं वाटलं होतं. आपल्या वस्तीत भाकरी मागावी हे मला सुचलंच नव्हतं. मान कुठे मिळतो हे मी चुकीच्या दारात शोधत होतो.

जेवण झालं. मी सवयीने ताट उचललं आणि पाण्याकडे निघालो. म्हातारीने हात धरला. "ठेव ते. पाव्हण्यानं ताट धुयाचं नसतं."

मी ताट सोडेना, ती हात सोडेना. शेवटी मी सोडलं. मग अंधारात गाडीकडे जाताना मी रडलो. वाड्यावर रडलो नव्हतो.

पुढे एका पावसाच्या रात्री दादा म्हणाले, "मास्तर, कुठं जाता जेवायला? मला बी न्या." मी म्हणालो, "दादा, उद्या गावात कळंल." ते म्हणाले, "कळू द्या." ते आले, मांडी घालून बसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या. खरोखरच दुसऱ्या दिवशी कळलं आणि वाड्यावरचं त्यांचं ताटही बंद झालं. त्यांनी त्यावर कधी भाषण केलं नाही. फक्त पहिल्या रात्रीबद्दल एकदाच म्हणाले, "त्या दिशी मी उठाया पायजे होतं." एवढं म्हणणारा माणूसही त्या काळी मला दुसरा भेटला नाही.

हे सगळं मी चालत्या गाडीत नातीला सांगितलं. औंढा नागनाथ येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, बाबासाहेबांनी लिहिलंय ना, मसूर स्टेशनचं?"

मी म्हणालो, "हो." वाचकांनाही ते ठाऊक असेल. 1901 साली लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे सातारहून गोरेगावला वडिलांकडे निघाले होते. मसूरला उतरले. जात कळताच बैलगाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर एक गाडी मिळाली. शिदोरी भरपूर होती, पण पाणी कोणी देईना, म्हणून लेकरं भरल्या शिदोरीपाशी उपाशी झोपली. पुढे 1934 साली, बॅरिस्टर झाल्यावर, दौलताबादच्या किल्ल्यात टाक्याच्या पाण्याने हात-पाय धुतले म्हणून त्यांच्यावर आणि सोबतच्या मंडळींवर लोक धावून आले. किल्ला पाहायला सोडलं, पण कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून बरोबर शिपाई देऊन. आज त्याच दौलताबादच्या वाटेने आपण वेरूळची लेणी पाहायला जातो, उसाचा रस पितो, कोणी अडवत नाही. हे आपोआप झालं नाही. 1927 साली महाडला जे ओंजळभर पाणी उचललं, त्याच्यामागे हे सगळं आहे.

नात म्हणाली, "बाबासाहेबांनी जे झालं ते नावानिशी लिहून ठेवलं. लपवलं नाही. आणि तुम्ही मला आडनाव लपव म्हणता?"

तिने हे रागाने म्हटलं नाही. पण माझ्या लक्षात आलं. आडनाव लपव, हा सल्ला म्हणजे तेच ताट होतं. ते मी भिंतीला उपडं ठेवून आलो होतो आणि आता सत्तराव्या वर्षी नातीच्या हातात देत होतो.

संध्याकाळी आम्ही त्या गावी पोहोचलो. दवाखान्याच्या रस्त्याला एक बाई घरातूनच खानावळ चालवत होती. पत्र्याचं छप्पर, तीन बाकडी, चुलीवर तवा. आम्ही बसलो. बाईने नातीकडे पाहिलं आणि विचारलं, "नवी सिस्टर का? कोणाची गं तू? कुठली?"

माझा घास तोंडात अडला. नातीने पूर्ण नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. आणि न विचारता म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, मावशी. मला महिनाभर डबा पाहिजे."

बाई क्षणभर थांबली. ती काय विचार करत होती ते मला सांगता येणार नाही. मग तिने परातीत पीठ ओढलं आणि म्हणाली, "दोन्ही टायमाचा का येका? सकाळी मी नवाच्या आत देत न्हाई, आत्ताच सांगते." जेवण झाल्यावर तिने तिघांची ताटं एकावर एक ठेवली आणि आत नेली. मी त्या ताटांकडे पाहत राहिलो.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. नात फोनवर सांगते. एका वस्तीवर ती घरोघरी जाऊन लेकरांना लस देते. बाया आदराने बसवतात. चहा येतो, घरच्यांना स्टीलच्या कपात आणि तिला कागदी कपात. विचारलं तर म्हणतात, "सिस्टर, सोच्छ असतो म्हणून." असेलही. पण त्यांच्या लेकरांच्या तोंडात थेंब टाकणारा हात तिचाच असतो, तो स्वच्छ चालतो. माझ्या बापाच्या वेळी वेगळा कप खुंटीला टांगलेला दिसायचा. आता कागदी कप आला. त्याने वेगळी कपबशी संपवली की नुसती लपवली, हे ज्याच्या हातात तो कप येतो त्यालाच कळतं. मी विचारलं, "मग तू काय करतेस?" ती म्हणाली, "मी म्हणते, मावशी, कागदी कपात चहा लवकर गार होतो, मला तुमच्यासारखा कप द्या. तीन घरांनी दिला. एका घराने चहाच बंद केला. तिथं मी लस देऊन बिनचहाची परत येते. लस चुकवत नाही."

मी छत्तीस वर्षे गाडी फिरवली, पण ही वाट मला कळली नव्हती.

तेव्हा बंधू-भगिनींनो, वाटेत जेवायचं कुठं, याचं माझं आजचं उत्तर ऐका. जिथे ताजं शिजतं तिथे जेवा. जिथे भाव आधी सांगतात तिथे जेवा. जिथे आपल्या लेकीबाळींना पाणी प्यायला भीती वाटत नाही तिथे जेवा. आडगावी रात्र झाली आणि काहीच मिळालं नाही तर निळा झेंडा बघा आणि पहिल्याच दिवशी तिथे जा. माझ्यासारखं तिसऱ्या दिवशी नको. आणि तुमच्या वस्तीत रात्री कोणी परका मास्तर, सिस्टर किंवा शिक्षक आला तर त्याने मागायच्या आधी विचारा, "जेवलात का?"

आडनाव विचारलं तर सांगा. ताट विसळायला सांगितलं तर उठा. दोन फुटाण्यांवर रात्र निघते, मी काढून पाहिली आहे.

ती म्हातारी कधीच गेली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं, 'माय' म्हणत राहिलो. ती गाडी अजून त्या गावाला मुक्कामी जाते का, ते मला ठाऊक नाही. जात असेल तर त्या गाडीच्या मास्तरला कोणीतरी खालच्या अंगाचं ते घर दाखवावं.

जयभीम!